देव नसेल तर भ्यायचे कोणाला?

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला 'नीती आणि ईश्वर' हा विषय दिला आहे. विषय मोठा आहे आणि आम्ही विद्वान नव्हेत. बी. ए. ला तत्त्वज्ञान हा एक विषय होता, तेवढीच आमची शिदोरी. पुढचे सगळे आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेले. परंतु नोटा मोजणाऱ्या माणसाला नीतीचा प्रश्न पुस्तकात शोधावा लागत नाही. तो रोज सकाळी दहा वाजता खिडकीसमोर येऊन उभा राहतो. म्हणून जे वाचले आणि जे भोगले, ते आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या शाखेत एक ज्येष्ठ सहकारी होते. हेड कॅशियर. गुरुवारचा उपास, कपाळाला अंगारा, आणि स्ट्राँग रूम उघडण्यापूर्वी दाराला हात लावून नमस्कार, असा त्यांचा नेम. माणूस अत्यंत सरळ. एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता त्यांनी आम्हाला विचारले, "राग मानू नका, पण तुमच्यात देव मानत नाहीत ना? मग तुम्ही भिता कोणाला? समजा संध्याकाळी रोकड जुळवताना हजार रुपये जादा निघाले आणि कोणी पाहिले नाही, तर तुम्हाला अडवणार कोण?"

त्यांच्या विचारण्यात कुत्सितपणा नव्हता, म्हणूनच तो प्रश्न आमच्या मनात रुतला. "आमचे पंचशील आहे," असे आम्ही त्या वेळी म्हणालो आणि डबा संपवला. परंतु घरी जाताना लक्षात आले की, हे उत्तरच नव्हे. पंचशील आहे हे त्यांनाही ठाऊक होते. ते पाळायचे कशासाठी, हाच तर त्यांचा प्रश्न होता.

मित्रहो, हा प्रश्न फार जुना आहे. जॉन लॉक हा इंग्लंडचा थोर तत्त्वज्ञ. धार्मिक सहिष्णुतेवरचे त्याचे पत्र 1689 साली प्रसिद्ध झाले. भिन्न पंथाच्या लोकांना छळू नका, असे सांगणारा हा उदार विचारवंत. परंतु ईश्वर नाकारणाऱ्यांना मात्र त्याने सहिष्णुतेच्या बाहेर ठेवले. कारण काय? तर वचन, करार आणि शपथ यांवर समाज उभा असतो, आणि ज्याला देवच नाही त्याला शपथेचे बंधन कसले? आमच्या हेड कॅशियरांनी डबा खाता खाता जे विचारले, तेच लॉकने तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते.

या विचाराचा फटका चार्ल्स ब्रॅडलॉ यांना बसला. हे उघड निरीश्वरवादी गृहस्थ 1880 साली नॉर्दॅम्प्टनमधून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले. देवाच्या नावाने शपथ घेण्याऐवजी गांभीर्यपूर्वक वचन देण्याची परवानगी त्यांनी मागितली. ती मिळाली नाही. मग ते शपथ घ्यायला तयार झाले, तर 'तुमच्या शपथेला अर्थ नाही' म्हणून तीही घेऊ दिली नाही. त्यांना काही काळ अटकेत ठेवले. त्यांची जागा रिकामी ठरली, मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. पुन्हा अडवले, पुन्हा निवडून दिले. अखेर 1886 साली ते सभागृहात बसू शकले आणि 1888 साली त्यांच्याच खटपटीने देवाचे नाव न घेता वचन देण्याचा हक्क सर्वांना देणारा कायदा झाला.

आता गंमत पाहा. शपथेच्या लायकीचा नाही म्हणून ज्याला दारात अडवले, तोच माणूस पार्लमेंटमध्ये गेल्यावर दूरच्या हिंदुस्थानातील लोकांची बाजू मांडू लागला. 1889 साली मुंबईला भरलेल्या राष्ट्रसभेच्या अधिवेशनाला ते स्वतः येऊन गेले. 1891 साली ते वारले, तेव्हा लंडनमध्ये शिकत असलेले गांधीजी त्यांच्या अंत्यविधीला गेले होते. गांधीजींनीच आत्मचरित्रात तसे लिहिले आहे. ज्यांच्याशी जातीचे, धर्माचे, मतदानाचे कसलेच नाते नाही, अशा परक्यांसाठी झटायला ब्रॅडलॉ यांना कोणत्या देवाने सांगितले होते?

आपल्या देशातही हा प्रश्न मतदानाला टाकला गेला होता, हे फार थोड्यांना माहीत असते. 17 ऑक्टोबर 1949 रोजी घटना समितीत उद्देशिकेवर चर्चा चालू होती. श्री. ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की, उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. सभागृहात श्रद्धाळू सभासद पुष्कळ होते. तरीही पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्यासारख्यांनी सांगितले की, ही माणसाच्या अंतःकरणातील बाब आहे, ती समूहाने कोणावर लादू नये. मते मोजली गेली. दुरुस्तीच्या बाजूने 41 आणि विरुद्ध 68. दुरुस्ती फेटाळली गेली आणि भारताच्या संविधानाची सुरुवात देवाच्या नावाऐवजी 'आम्ही' या शब्दाने झाली.

त्याच संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांच्या आणि न्यायाधीशांच्या शपथेचे नमुने दिले आहेत. त्यात दोन वाटा आहेत. ज्याला हवे त्याने ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी, ज्याला नको त्याने गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे. दोघांच्या शब्दाला किंमत सारखीच. न्यायालयात साक्ष देणाऱ्यालाही 1969 च्या शपथ कायद्याने हीच मुभा दिली आहे. म्हणजे देव न मानणाऱ्याचा शब्द खरा धरता येतो, हे या देशाच्या कायद्याने मान्य केले आहे. लॉकच्या शंकेला कायद्याने दिलेले हे उत्तर आहे.

परंतु कायद्याचे उत्तर मनाला पुरत नाही. म्हणून काही दिवसांनी आम्हीच त्या हेड कॅशियरांना उलट विचारले, "साहेब, समजा उद्या कोणी तुम्हाला पक्के पटवून दिले की देव नाही. मग परवापासून तुम्ही जादा निघालेली रोकड घरी न्याल का?"

ते दचकलेच. म्हणाले, "छे हो! भलतेच काय? लोकांचे पैसे ते!"

"मग झाले तर," आम्ही म्हणालो, "तुमचा प्रामाणिकपणा देवाच्या भीतीवर उभा नाही. लोकांचे पैसे लोकांचेच आहेत, या जाणिवेवर उभा आहे. देवाला तुम्ही त्याचा साक्षीदार केले आहे, एवढेच."

ते हसले. पटले की नाही, ते बोलले नाहीत. परंतु त्यानंतर तो प्रश्न त्यांनी कधी काढला नाही. कॉलेजात असताना सॉक्रेटिसाचा एक संवाद आम्ही शिकलो होतो. त्यात तो एका धार्मिक माणसाला विचारतो की, देवांना आवडते म्हणून एखादी गोष्ट पवित्र ठरते, की ती पवित्र आहे म्हणून देवांना आवडते? परीक्षेसाठी आम्ही ते पाठ केले होते. अर्थ मात्र त्या डब्याच्या टेबलावर कळला. देव चांगल्याच गोष्टी सांगतो असे म्हणण्यासाठी, चांगले म्हणजे काय हे आपल्याला आधीच ठाऊक असावे लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. देव मानणारी माणसे अनीतिमान असतात, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे खोटेपणाचे होईल, आणि चौथे शील मोडून बाकीच्या चारांचे गोडवे गाण्यात काय अर्थ? ते हेड कॅशियर देवभक्त होते आणि निर्मळ होते. आपल्या महाराष्ट्राच्या संतमंडळींनी देवाच्या नावाने माणुसकी शिकवली. उलट, देव न मानणाऱ्या राजवटींनीही माणसे मारली आहेत. स्टालिनच्या रशियाचा इतिहास काही झाकलेला नाही. म्हणून 'देव सोडला की माणूस आपोआप शहाणा होतो' या भ्रमात आपण राहू नये.

परंतु देव मानला की नीती आपोआप येते, हे तर आपल्या समाजाइतके कोणी खोटे ठरवले नसेल. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती. माणसांना बंदी होती. बंदी घालणारे नास्तिक होते काय? मुळीच नाही. ते त्रिकाळ संध्या करणारे, देवाला नैवेद्य दाखवल्यावाचून न जेवणारे लोक होते. आपल्या बांधवांनी ओंजळभर पाणी घेतल्यावर त्यांनी पंचगव्याचे घडे ओतून तळे शुद्ध केले. तेही देवाधर्माच्याच नावाने. तेव्हा देवाची भीती त्यांच्या मनात भरपूर होती. नव्हती ती समोरच्या तहानलेल्या माणसाची जाणीव.

तर मग नीतीचा उगम कोठे? तथागतांनी या प्रश्नाचे उत्तर वेळुद्वार नावाच्या गावी दिले आहे. संयुत्त निकायात तो प्रसंग येतो. कोसल देशातील त्या गावचे ब्राह्मण गृहस्थ भगवंतांकडे आले आणि मोकळेपणाने म्हणाले की, आम्ही मुलाबाळांत राहणारे, चंदन लावणारे, सोनेनाणे वापरणारे लोक आहोत. आम्हाला झेपेल असा धम्म सांगा. भगवंतांनी त्यांना कोणत्याही देवाची आज्ञा सांगितली नाही. स्वतःवरून दुसऱ्याला ओळखायला सांगितले. मला जगावेसे वाटते, मरावेसे वाटत नाही. कोणी माझा जीव घेतला तर मला आवडणार नाही. मग जे मला आवडत नाही ते दुसऱ्यालाही आवडत नसणार. जे मला नको आहे, ते मी दुसऱ्यावर कसे लादू? हाच विचार त्यांनी चोरीला लावला, व्यभिचाराला लावला, खोटे बोलण्याला लावला, चहाडीला आणि कठोर शब्दालाही लावला.

पाहा, पंचशिलाचा पाया येथे आहे. चोरी का करायची नाही? वर कोणी रागावेल म्हणून नव्हे. माझ्या खिशातले गेले असता माझ्या पोटात जो गोळा येतो, तोच दुसऱ्याच्या पोटात येतो म्हणून. हे समजायला ग्रंथ लागत नाही, पुरोहित लागत नाही. पहिलीतल्या मुलाची पेन्सिल हरवली की त्यालाही हे समजते.

परंतु समजणे वेगळे आणि वागणे वेगळे. कोणी पाहत नसताना हे समजलेले टिकायचे कसे? हेड कॅशियरांच्या प्रश्नाचा खरा काटा येथेच आहे, आणि त्याचे उत्तर भगवंतांनी आपल्या मुलाला दिले आहे. मज्झिम निकायात राहुलाला केलेला उपदेश आहे. राहुल त्या वेळी लहान होता. भगवंतांनी पाय धुण्याच्या भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले आणि म्हणाले, जाणूनबुजून खोटे बोलायची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण एवढेसेच. मग ते पाणी ओतून टाकले, भांडे उपडे केले, पुन्हा सुलटे करून रिकामे दाखवले. नंतर विचारले, राहुला, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तेव्हा त्यांनी सांगितले की, तसेच आपले प्रत्येक काम, प्रत्येक बोलणे, प्रत्येक विचार पुन्हा पुन्हा न्याहाळून करावा. करण्याआधी पाहावे, करताना पाहावे, केल्यावर पाहावे. याने मला पीडा होते का? दुसऱ्याला होते का? होत असेल तर थांबावे. आणि हातून घडून गेले असेल तर ते झाकू नये; जाणत्या माणसांपुढे उघड करावे आणि पुढे सावध राहावे.

सम्राट अशोकाला हा उपदेश इतका महत्त्वाचा वाटला की, बैराटच्या शिलालेखात भिक्खूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावीत अशी जी थोडी वचने त्याने नावानिशी कोरून ठेवली, त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेला हा उपदेश आहे. तो दगड आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे.

आता तुलना करा. पहारेकरी दोन प्रकारचे असतात. एक वर बसलेला. तो सर्व पाहतो म्हणतात. पण त्याची समजूतही काढता येते. नवस करता येतो, पेटीत पैसे टाकता येतात, तीर्थात बुडी मारता येते. दुसरा पहारेकरी आरशातला. त्याला नारळ चालत नाही. धम्मात हिरी आणि ओत्तप्प असे दोन शब्द आहेत. हिरी म्हणजे वाईट करताना स्वतःची स्वतःला वाटणारी लाज आणि ओत्तप्प म्हणजे वाईटाच्या परिणामांचे व जाणत्यांच्या निंदेचे भय. या दोन गोष्टी जगाचे रक्षण करतात, असे भगवंतांनी सांगितले. जगाचे रक्षण करणारे म्हणून त्यांना लोकपाल म्हटले आहे. तेव्हा 'तुम्ही भिता कोणाला?' याचे उत्तर आता आम्ही देऊ शकतो. आम्ही भितो ते आमच्या हातून दुसऱ्याचे जे होईल त्याला.

बंधू-भगिनींनो, येथपर्यंतचे बोलणे सोपे होते. आपण सर्व एका विचाराचे, टाळ्याही मिळतात. आता जे सांगणार आहोत ते सोपे नाही.

8 नोव्हेंबर 2016, मंगळवारची रात्र. पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. बुधवारी बँका बंद होत्या. गुरुवारी, 10 तारखेला आम्ही शाखेत पोचलो तेव्हा रांग शाखेच्या दारापासून चौकापर्यंत गेली होती. सुरुवातीला माणशी चार हजार रुपये बदलून देण्याची मर्यादा होती. ओळखपत्राची झेरॉक्स, भरलेला फॉर्म, नोटांची तपासणी. दोन हजारांची नवी नोट घेऊन कोणी सुटे देत नव्हते, म्हणून जो तो शंभराच्या नोटा मागत होता. त्या मात्र मोजक्याच येत होत्या.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी आमच्या ओळखीचे एक गृहस्थ मागच्या दाराने आत आले. समाजातले, चांगल्या हुद्द्यावरचे. "जय भीम" केला, हळूच चार फॉर्म पुढे सरकवले. स्वतःचा, पत्नीचा आणि दोन मुलांचा. "आपलाच माणूस आहात म्हणून आलो," म्हणाले. आम्ही फॉर्म पाहिले. झेरॉक्स होत्या, सह्या होत्या. कागदात खोट नव्हती. आम्ही सोळा हजार रुपये शंभराच्या नोटांत मोजून दिले. नियम मोडला असे ऑडिटरही म्हणू शकला नसता. फक्त रांग मोडली होती.

तीनच्या सुमारास शंभराच्या नोटा संपल्या, मग सगळीच रोकड संपली. खिडकीपासून चौथ्या क्रमांकावर एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. पहाटेपासून उभ्या असल्याचे शेजारची बाई सांगत होती. त्यांच्या मुठीत पाचशेच्या दोन जुन्या नोटा होत्या, घामाने ओल्या झालेल्या. आम्ही "रोकड संपली, उद्या या," असे म्हणालो. आम्हाला वाटले, त्या भांडतील. त्यांनी नोटा पदराच्या गाठीत बांधल्या आणि म्हणाल्या, "असू द्या साहेब, उद्या येते. तुमचा तरी काय दोष!"

दुसऱ्या दिवशी आम्ही रांगेकडे लक्ष ठेवून होतो. त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. दुसऱ्या शाखेत गेल्या असतील, असे आम्ही मनाला समजावले. खरे काय ते आजवर कळले नाही.

आता सांगा, त्या दिवशी आम्हाला कोणी पाहिले? कॅमेऱ्यात काही गैर दिसले नाही. हिशेब पैशापैशाने जुळला. आम्ही देवभक्त असतो तर कदाचित वाटेत देवळात थांबलो असतो, पेटीत एकशे एक रुपये टाकले असते आणि हलक्या मनाने घरी गेलो असतो. आम्हाला ती सोय नव्हती. ज्यांचे चुकवले त्या बाईच क्षमा करू शकत होत्या, आणि त्यांनी तर न मागता निर्दोष ठरवून टाकले होते. ते शब्द आम्हाला शिवीपेक्षा जड झाले. त्या रात्री समजले की, देव सोडल्याने माणूस मोकळा होत नाही. त्याच्यावरचे ओझे वाढते. कारण ते उतरवून ठेवायला दुसरी जागाच उरत नाही.

आम्ही स्वतःलाच विचारले, तू पंचशील रोज म्हणतोस, मग असे का झाले? उत्तर बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सापडले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली तो प्रसिद्ध झाला. धम्मात ईश्वराची जागा नीतीने घेतली आहे, हा त्यांचा सिद्धांत आपण सगळे जाणतो, सभेत सांगतोही. परंतु त्याच्याच पुढे त्यांनी जे लिहिले आहे, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. त्यांचे म्हणणे असे की, नुसती नीती पुरेशी नाही. चोरांच्या टोळीतही नीती असते. ते एकमेकांना दगा देत नाहीत. व्यापाऱ्यांची आपसात नीती असते, जातभाईंची आपसात असते. परंतु ही नीती गटापुरती असते. गटाचे हित राखते आणि गटाबाहेरच्याला वाऱ्यावर सोडते. म्हणून नीती पवित्र हवी आणि ती सर्वांसाठी सारखी हवी, तरच दुबळ्याचे रक्षण होते. तिच्या मुळाशी माणसामाणसांतला बंधुभाव हवा.

हे वाचताना आम्हाला ते चार फॉर्म आठवले. आमच्यात नीती नव्हती असे नाही. 'आपल्या माणसाला मदत करावी' ही नीतीच होती. फक्त ती बाबासाहेबांनी नाकारलेल्या जातीची होती. महाडच्या तळ्यावर ज्यांनी आपल्याला अडवले, तेही आपापल्या माणसांशी प्रेमानेच वागत होते. आम्ही त्या दुपारी, अगदी छोट्या प्रमाणात का होईना, तळ्याच्या त्या काठावर जाऊन उभे राहिलो होतो. त्या म्हाताऱ्या बाई कोणत्या समाजाच्या होत्या, ते आम्हाला ठाऊक नाही. असत्याही आपल्यातल्या. आम्ही विचारले नाही, आणि विचारायची गरज पडू नये, हाच तर धम्म.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. आपण देव सोडला, ते योग्य केले. बावीस प्रतिज्ञा घेतल्या, ते योग्य केले. परंतु रिकाम्या झालेल्या देव्हाऱ्यात आपण नकळत 'आपला माणूस' नेऊन बसवला आहे काय, हे प्रत्येकाने तपासावे. काही ठिकाणी तर बाबासाहेबांच्या फोटोपुढेही नवस बोलला जातो. ज्यांनी आपल्याला नवसातून सोडवले त्यांनाच नवसाचा देव करायचे, याला काय म्हणावे?

आणि हे तपासणे मोठ्या गोष्टींत करायचे नाही. मंडळाच्या शिष्यवृत्तीला अर्ज येतात, तेव्हा नावे झाकून गुण आणि गरज पाहायची. वर्गणीचा जमाखर्च कोणी मागण्याआधीच विहाराच्या फलकावर लावायचा. महापरिनिर्वाण दिनाच्या भोजनदानात पंगतीच्या शेवटच्या माणसाला पहिल्याइतकेच मिळाले का, ते पाहायचे. रविवारच्या धम्मवर्गात मुलांना 'खोटे बोललास तर पाप लागेल' असे सांगायचे नाही. राहुलाचे भांडे आणि राहुलाचा आरसा यांची गोष्ट सांगायची. भीतीने वळलेले मूल भीती सरली की सुटते. आरसा मात्र आयुष्यभर बरोबर राहतो.

आणखी एक. भगवंतांनी राहुलाला सांगितले की, हातून चूक घडली तर जाणत्यांपुढे उघड करावी. आम्ही ती गोष्ट इतकी वर्षे घरी पत्नीखेरीज कोणाला सांगितली नव्हती. आज मंडळाने हा विषय दिला, तेव्हा ठरवले की नुसती ग्रंथातली उदाहरणे देऊन खाली बसायचे नाही. आपणच आमचे जाणते आहात, म्हणून आपल्यापुढे ती उघड केली. आम्हाला त्याबद्दल सहानुभूती नको आणि शाबासकी तर नकोच. परंतु उद्या आपल्यापैकी कोणी आमच्या खिडकीशी आले आणि "आपलाच माणूस" म्हणून मागच्या दाराकडे बोट दाखवले, तर आम्ही हात जोडून रांगेत उभे राहायला सांगू. तेव्हा राग मानू नये.

ते हेड कॅशियर आता निवृत्त झाले आहेत. कधी बाजारात भेटले, तर आम्ही त्यांना त्यांच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर देणार आहोत. कोणी पाहत नसताना आम्हाला अडवणार कोण? पदराला दोन नोटा बांधून मुकाट्याने परत गेलेल्या त्या बाई.



भवतु सब्ब मंगलम्! जय भीम! जय भारत!